कमरेची सुपारी

चिंचवड,
५ ऑक्टोबर १९८०

चि. श्रीपाद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

दापोडीला बसमध्ये बसलं तर इकडे कुकर होईपर्यंत माणूस चिंचवडला उतरतो. तरी मी तुला पोस्टाने पत्र घालते आहे आणि पोस्टमन आपल्या दोघांना मनातल्या मनात हसत असणार. हसू दे. तुझ्या दाजींच्या तेराव्यानंतर तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस आणि मी तुझ्या घराचा. आधी कोण रुसलं हा वाद आता नको, कारण काम तातडीचं आहे.

आपल्या चारूचं लग्न ठरलं. मुलगा चिखलीचा, नाव अनंत, पिंपरीला कंपनीत सुपरवायझर आहे. वडील आबाजी, आई मंजुळाबाई. जुनं शेतकरी घराणं, थोडी जमीन आता वर्कशॉपवाल्यांना भाड्याने दिली आहे. बोलायला रांगडी माणसं. बघायला आले तेव्हा मंजुळाबाईंनी चारूला एकच विचारलं, "नोकरी सोडनार का ठिवनार?" चारू म्हणाली, ठेवणार. "ठिव मंग, सोडू नगं," म्हणाल्या आणि चहाची बशी तोंडाला लावली. मला त्या आवडल्या. लग्न माघात करायचं आहे.

आता मुद्द्याचं. कन्यादानाला मी विधवा बाई चालत नाही. पोर मी वाढवली, तिचा गोवर मी काढला, पण दान करायच्या वेळी माझे हात अपशकुनी. असो. उद्धवभाऊजी म्हणतात, मी आणि माझी बायको बसतो, भावाची मुलगी ती माझीच मुलगी. चारू म्हणते, मामा बसेल. ती ऐकायची नाही, तुला ठाऊक आहे. नाकावरचा राग तिने तुझाच उचलला आहे.

तुला बायको नाही आणि कन्यादानाला जोडी लागते. पण त्यावर तोड आहे. बायको हजर नसली की यजमान कमरेला सुपारी खोचून बसतो आणि ती सुपारीच त्याची बायको धरतात. आई माहेरी असताना नानांनी सत्यनारायण असाच केला होता, आठवतं? पूजा संपल्यावर सुपारी धोतरातून घरंगळली आणि तू ती तोंडात टाकलीस. "याने आईला खाल्लं!" म्हणून मी बोंब ठोकली होती आणि भटजीसुद्धा हसले होते.

तर तू तसाच बस. गुरुजींना काय सांगायचं ते मी सांगेन. माझं मागणं एकच आहे आणि तू ते समजून घेशील अशी आशा करते. एकटा ये.

तुझी,
ताई


चिंचवड,
२१ ऑक्टोबर १९८०

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला एक ओळ. "ताई, सुपारी कुणाच्या नावाची खोचायची ते कळव." तेही उघड्या कार्डावर! पाकिटाला काय धाड भरली होती? पोस्टमनने ते माझ्या हातात देताना उगाच विचारलं, घरात पूजा आहे का म्हणून.

मी वेडी नाही, श्रीपाद. त्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं कसे राहता हे मला कळत नाही असं समजू नकोस. नवरा-बायको राहतात तसे राहता. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं आणि लिहिल्याबरोबर उठून दाराला कडी घालून आले. चारू ऑफिसात आहे, घरात कुणीही नाही, तरी कडी घातली.

ब्रदरांवर माझा राग नाही. (हॉस्पिटलात सगळे त्यांना ब्रदर म्हणतात म्हणून मीही म्हणते. दुसरं काय म्हणायचं ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.) दाजींच्या आजारपणात ड्यूटी संपली की ते इथे यायचे, दाजींचं अंग पुसायचे, कूस बदलून द्यायचे, चादर बदलताना मला पाठ करून उभं राहायला सांगायचे म्हणजे दाजींना लाज वाटू नये. यातलं काही मी विसरले नाही.

तेराव्याला भाऊजींनी त्यांना वाढल्या पानावरून उठवलं, "घरची माणसं जेवताहेत, तुमचं काय काम" म्हणाले, तेव्हा मी आत होते. मला ऐकू गेलं असणार असं तू चारूजवळ म्हणालास. एवढ्या भांड्यांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? तू मात्र स्वतःचं पान सरकवलंस आणि हात न धुता त्यांच्यामागे निघून गेलास. दाजींच्या नावाचं जेवण टाकून गेलास, त्याबद्दल मी तुला आजवर एक शब्द बोललेले नाही.

उद्या मांडवात चारूच्या सासरचे विचारतील, हे कोण? मी काय सांगू? आपल्याकडे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा साडू असा शब्द आहे. विहीण आहे, व्याही आहे, जाऊ आहे, नणंद आहे. "हे माझ्या भावाचे" असं म्हटलं की पुढे शब्दच नाही. ज्याला शब्द नाही त्याला मी कुठल्या सतरंजीवर बसवू, तूच सांग.

दिवाळी जवळ आली. ये म्हणत नाही, कारण तू येणार नाहीस. भाऊ जवळ नसला की भाऊबीजेला बायका चंद्राला ओवाळतात. मी गेली काही वर्षं तेच करते. गच्चीवर शेजारणी विचारतात, भाऊ परगावी असतो का हो? मी हो म्हणते.

ताई


चिंचवड,
११ नोव्हेंबर १९८०

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

भाऊबीजेला मी तुझ्या घरी येऊन गेले हे तुला सगळ्यांनी सांगितलं असेलच. आता माझ्या तोंडून ऐक, कारण तू तिथे नव्हतास.

मला चारूने ढकललं. "आई, यंदा चंद्र नको," म्हणाली आणि तबकावर रुमाल टाकून ते माझ्या हातात दिलं. मीही मनाशी म्हटलं, ओवाळीन, चार शब्द समजावीन, एकट्याने यायला तयार करीन. तुमच्या गल्लीत शिरले तर दार सताड उघडं आणि बाहेर चपलांचा हा ढीग. मला वाटलं, काही बरंवाईट झालं की काय.

आत पाट मांडलेले. पाटांभोवती रांगोळी, आणि ती माझ्यापेक्षा चांगली, हे कबूल करते. पाटांवर पुरुष बसलेले, नवे शर्ट घातलेले, केसांना तेल लावून भांग पाडलेले. एक चष्मेवाले पिकल्या केसांचे गृहस्थ, बँकेत किंवा कचेरीत असावेत असे. एक अगदी तरुण, कंपनीचं ओळखपत्र अजून खिशाला लावलेला. आणि त्यांच्यासमोर हिरवं लुगडं नेसून, रुपयाएवढं कुंकू लावून, मोठ्या हाडापेराच्या हातात तबक धरून कस्तुरा ओवाळत होती. काळेवाडीच्या बाजारात टाळी वाजवत दुकानं मागते ती कस्तुरा. मी तिला बघून रस्ता बदलते, ती.

"कोन पायजे, बाई?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "श्रीपाद. मी त्याची बहीण."

"भाऊ अन गुरुदत्तभाऊ बरफ आनाया गेल्यात. या की आत." मग तबक खाली ठेवून हसली. "मी बी त्यांची बहीनच हाय."

मी उंबऱ्यातच थांबले. तीच म्हणाली, "आवो, ह्यांच्या सख्ख्या बहिनी बोलवत न्हाईत. आईबाप दारात उभं करत न्हाईत. मंग ह्या दिसाला मी समद्यांची बहीन हुते. वरसातनं एक डाव. कसं नटूनथटून आल्यात बगा माजं भाऊ! आज हितं कुनाला बी काय लपवावं लागत न्हाई."

ते चष्मेवाले गृहस्थ पाटावरून उठले आणि मला जागा करून दिली. "ताई, तुम्ही खरंच भावाकडे आलात?" त्यांनी असं विचारलं की जणू मी पायी काशीहून आले होते. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या मनात आलं, यांचीही कुठेतरी बहीण असेल. आज संध्याकाळी तीही गच्चीवर जाईल आणि शेजारणींना सांगेल, भाऊ परगावी असतो. या एवढ्याशा खोलीतल्या माणसांसाठी गावोगाव किती बायका चंद्राला ओवाळत असतील, श्रीपाद. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं.

इथवर सगळं ठीक होतं. मी बसणार होते, देवाशपथ बसणार होते. तेवढ्यात त्या तरुण मुलाच्या नाकावर कुंकवाचा ओघळ आला आणि शेजारच्याने आपल्या अंगठ्याने तो पुसला. पुसून झाल्यावर हात त्याच्या गालावर जरा राहिला. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. मला मात्र कसंतरी झालं. का ते विचारू नकोस. दाजी माझं कुंकू असंच पुसायचे, आणि ते मला कुणाच्या घरी उघड्यावर बघायचं नव्हतं, एवढंच कळलं. तबक तिथेच पाटावर टेकवलं आणि उजवी चप्पल डाव्या पायात घालून बाहेर पडले.

बसस्टॉपजवळ तुम्ही दोघं दिसलात. गोणपाटात बर्फाची लादी, एक टोक तुझ्याकडे, एक त्यांच्याकडे, आणि पाणी गळतंय म्हणून दोघंही पळत होतात आणि हसत होतात. तुला तसं हसताना मी सुपारीच्या त्या सत्यनारायणानंतर पाहिलं नव्हतं. मी पानाच्या टपरीमागे सरकले आणि हाक मारली नाही.

घरी आल्यावर चारूने विचारलं, ओवाळलंस? मी म्हटलं, तबक विसरले. त्यामुळे यंदा चंद्रही राहिला.

ताई


चिंचवड,
३० नोव्हेंबर १९८०

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

तबक पोचलं. कस्तुरा घेऊन आली. भरदुपारी, सगळ्या बायका जिन्यात धान्य निवडत बसलेल्या असताना, टाळ्या न वाजवता, पदर घेऊन आली. तबक घासून लख्ख केलं होतं. म्हणाली, "बाई, लई तान लागलीया, पानी द्या वाईच." मी दिलं. तांब्या उंबऱ्याबाहेर आणून दिला. ती प्यायली, तांब्या खाली ठेवला, "सुखी रहा" म्हणाली आणि गेली. तिने काही मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

संध्याकाळपर्यंत बातमी भाऊजींपर्यंत गेली. ते येऊन खुर्चीत न बसता बोलले. "वहिनी, दापोडीचा तो अड्डा मला माहीत आहे. तसले लोक मांडवात आले तर माझ्या घरचं एकही माणूस येणार नाही. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा." मी म्हटलं, श्रीपाद एकटाच येणार आहे. तू तसं कबूल केलेलं नाहीस, तरी म्हटलं.

त्यानंतर मी जे करून बसले ते ऐकून तू हसशील किंवा माझं तोंड बघणार नाहीस. याद्या करायला चिखलीची मंडळी आली होती. आबाजींनी विचारलं, मामा कन्यादानाला बसनार, मंग मामी कुठं हायती? मी म्हटलं, ती कोकणात असते, आजारी असते, म्हणून सुपारी लावून बसायचं. एवढ्यावर भागलं असतं. पण मंजुळाबाईंनी सहज विचारलं, "नाव काय वं त्यांचं?" आणि माझ्या तोंडातून "गु" एवढंच बाहेर पडलं.

खरं सांगते, तुझ्यासोबतच्या माणसाचं नाव म्हणून ब्रदरांचंच माझ्या जिभेवर होतं. पुढचं गिळलं आणि म्हटलं, "गुणवंती."

तर तुला आता गुणवंती नावाची बायको आहे. तिला दमा आहे. मंजुळाबाईंचा जीव लगेच हळहळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अनंतच्या हाती मधाची बाटली धाडली, त्यांच्या मळ्यातल्या मोहोळाचा मध, अडुळशाच्या रसातून घ्यायला सांगितला आहे. शिवाय मानपानात गुणवंतीमामीला एक लुगडं धरलं आहे.

बाटली चारूबरोबर पाठवते. घरात ठेवायची मला भीती वाटते.

ताई


चिंचवड,
१८ डिसेंबर १९८०

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, पण चारूने दिलं. ती दापोडीहून परत आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. "मामा आधी खूप हसला," म्हणाली. "मग रडला. गुरुदत्तमामाने बाटली घेतली, एक चमचा मध काढून खाल्ला आणि आत जाऊन पडला."

गुरुदत्तमामा. माझ्या मुलीने त्याला शब्द शोधून ठेवला होता आणि मी व्याकरण धुंडाळत बसले होते.

मी तिला म्हटलं, तुझ्या लग्नासाठीच हे सगळं करते आहे, माझी हौस नाही. ती म्हणाली, "आई, बाबांना शेवटचं पाणी कुणी घातलं?"

तुला हे माहीत नसेल, ब्रदरांनी सांगितलं नसणार. तू डॉक्टरांना आणायला धावला होतास. भाऊजी पहिल्या शिफ्टला होते. दुपार होती. दाजींचा घसा सारखा हलत होता आणि मला कळलं की आता वेळ आली. चमच्यात पाणी घेतलं, पण ते सगळं उशीवर सांडलं. ब्रदरांनी माझ्या हातातून चमचा घेतला. "ताई, तुम्ही त्यांचा हात धरा. पाणी मी घालतो." त्यांनी घातलं. थेंब थेंब, ओठ पुसत पुसत. दाजींनी दोन घोट गिळले आणि मग गिळले नाहीत. चारू दारात उभी होती, मला वाटलं होतं ती लहान आहे, विसरेल.

भाऊजी आल्यावर लोक धरून चालले की भावानेच पाणी घातलं असणार. भाऊजींनीही कधी नाही म्हटलं नाही, आता तर त्यांना स्वतःलाच तसं वाटतं. आणि ज्याने पाणी घातलं त्याला तेराव्याला पानावरून उठवलं. हे मी लिहीत नाही, हे चारू म्हणाली. मी फक्त तिचं म्हणणं तुला कळवते आहे.

तिचं शेवटचं म्हणणं असं: "मामा एकटा येणार असेल आणि कमरेला खोटी बायको खोचून बसणार असेल, तर मला दान करूच नका. मी अनंतला सगळं सांगितलं आहे. आम्ही रजिस्टर करतो." मी विचारलं, अनंत काय म्हणाला? "तो म्हणाला, मला काय अडचण नाही, पण आबांपुढे माझी जीभ चालत नाही."

तीन दिवस आम्ही मायलेकी एका ताटात जेवलेलो नाही. थंडी पडली आहे. तुझ्या छातीला जप.

ताई


चिंचवड,
५ जानेवारी १९८१

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

काल चिखलीला गेले होते, एकटीच. बसमध्ये सारखं वाटत होतं की उतरावं आणि परत फिरावं. मंजुळाबाई चुलीपुढे होत्या. मी पाट ओढून घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा काहीतरी गुणवंती काढली असती.

त्यांनी भाकरी उलटली. "म्हंजी गुनवंती न्हाईच?"

"नाही."

"मंग दमा?"

"तोही नाही."

"अन मध?"

"त्यांनी खाल्ला. गुरुदत्तांनी. माझ्या भावाबरोबर राहतात ते."

त्यांनी भाकरी विस्तवाला लावली. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. मग म्हणाल्या, "आमच्या जत्रंला ती कस्तुरा येती. पालखीम्होरं नाचती. मी तिच्या पाया पडती, वटी भरती. दुसऱ्या दिशी तीच दारात आली की कवाड लावून घेती. का लावती, ते मला बी ठावं न्हाई." पीठ झटकून पुढे म्हणाल्या, "तुमी खोटं बोलला त्याचा मला राग हाय, सुहासिनीबाई. त्या दुसऱ्या गोस्टीला मी व्हय बी म्हनत न्हाई अन न्हाई बी म्हनत न्हाई. मालकाला इचारते."

मला जेवायला वाढलं. आबाजी काय म्हणतील कुणास ठाऊक. कदाचित लग्न मोडेल आणि मोडलं तर ते माझ्या जिभेने मोडलं असं भाऊजी जन्मभर सांगतील.

परत येताना गुरुजींकडे उतरले. त्यांनाही खरं सांगितलं, म्हणजे एवढंच की माझा भाऊ अविवाहित आहे. ते माझ्यावरच डाफरले. "मग सुपारी कसली लावता? बायको आहे पण हजर नाही, त्याने लावायची सुपारी. बायकोच नाही त्याने एकट्याने बसावं, शास्त्राची काही हरकत नाही. फक्त मुला-मुलीच्या ओंजळीवर पाण्याची धार धरायला दुसरा हात लागतो. एरवी ते यजमानाच्या बायकोचं काम."

मी विचारलं, "मग कुणाचा हात चालेल?"

"कुणाचाही चालेल हो," ते चहात खारी बुडवत म्हणाले. "घरातला असला म्हणजे झालं."

मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. घरापर्यंत चालत आले.

ताई


चिंचवड,
१६ जानेवारी १९८१

चि. गुरुदत्त यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आधी "रा. रा." लिहिलं आणि खोडलं. तुला पहिलंच पत्र लिहिते आहे आणि मायन्यावरच पाव तास गेला. तू माझ्यापेक्षा लहान आहेस, श्रीपादच्या बरोबरीचा, म्हणून चि. लिहिलं. एकदा चि. लिहिल्यावर तुम्ही-आम्ही करता येत नाही, म्हणून अरे-तुरे करते आहे. राग आला तर श्रीपादला सांग, तो मला उघड्या कार्डावर कळवील.

श्रीपादने तिळगूळ पाठवला तो मिळाला. हलवा घरी केलेला दिसतो, आणि तो त्याने केलेला नाही हे मी ओळखलं. त्याला साखर वितळवता येत नाही. काटा छान आला आहे.

आबाजींचं उत्तर अजून आलेलं नाही. भाऊजींचं आलं. ते येणार नाहीत, त्यांच्या घरचं कुणीही येणार नाही आणि त्यांनी ठरवलेला मांडववालाही येणार नाही. हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिते. मी शूर बाई नाही. चारू मात्र ऑफिसात जाताना गाणं गुणगुणते आणि त्याने मला आणखीच धडकी भरते.

आणखी एक लिहिते, म्हणजे मागाहून तुझ्या मनात राहायला नको. भाऊबीजेला त्या मुलाच्या गालावरचा हात पाहून मला जे कसंतरी झालं ते अजून होतं. आठवलं की होतं. ते कधी जाईल, जाईल की नाही, मला सांगता येत नाही. पण ते माझं आहे, मी सांभाळीन. त्याच्यासाठी तुम्ही उपाशी उठायचं काही कारण नाही.

कस्तुराला माझा निरोप दे. लग्नाला ये म्हणावं. लग्न मांडवात झालं तर मांडवात, कचेरीत झालं तर कचेरीत. आणि त्याआधी एकदा घरी येऊन बस म्हणावं. आत, खुर्चीवर. मागच्या वेळी मी तिला पाणी उंबऱ्याबाहेर दिलं होतं.

आता खरं काम. सगळं सुरळीत झालं आणि मांडव उभा राहिला, तर कन्यादानाला श्रीपाद बसेल. त्याच्यासाठी काढून ठेवलेली सुपारी मी काल कातरून खाल्ली. नानांच्या सत्यनारायणाचं त्याला विचार, तो सांगेल मी का हसत होते ते. सुपारी बायको म्हणून कमरेला बसू शकते, पण तिला हात नसतात. मुलीच्या ओंजळीवर पाणी धरायला हात लागतो, आणि गुरुजी म्हणाले की तो घरातला असावा.

मी घरभर नजर फिरवली, गुरुदत्त. तुझ्याशिवाय कुणी आठवलं नाही.

दाजींच्या वेळी चमचा तू माझ्या हातातून काढून घेतला होतास. या वेळी झारी मी आपणहून तुझ्या हातात देईन, सगळ्यांच्या देखत. तेवढ्यासाठी ये.

ताई